जात्याची साथ: मावळातल्या ओव्या आणि ध्वनिमुद्रणाचा इतिहास

आज आपल्याला पॅरिसहून मावळात यायचं आहे. वाट वाटते तेवढी लांबची नाही, एवढंच आम्हाला दाखवायचं आहे.

सुरुवात १९०४ सालापासून करू. त्या वर्षी पॅरिसमध्ये मेरी गार्डन नावाची गायिका एका मोठ्या कर्ण्यापुढे उभी राहून गायली. पियानोवर साथीला स्वतः संगीतकार क्लोद देब्युसी होता. कविता पॉल व्हेर्लेनच्या, चाली देब्युसीच्या. आवाज आणि पियानो, बस्स, तिसरं काही नाही. अशा गाण्याला फ्रेंच लोक 'मेलोदी' म्हणतात. फोरे, द्युपार्क, देब्युसी, राव्हेल, पुढे पुलांक, अशी तिची मोठी परंपरा आहे. आपल्याकडचा जवळचा प्रकार सांगायचा तर भावगीत. चांगल्या कवीची कविता, तिला बेताची चाल, मोजकी साथ, आणि गायचं ते दिवाणखान्यात बसलेल्या चार माणसांसाठी.

त्या तबकड्या आजही ऐकता येतात. आवाज दुरून, धुक्यातून आल्यासारखा येतो आणि पियानो तर जवळजवळ हरवलेला असतो. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर जो उभा राहील त्याचा आवाज मेणात कोरला जायचा, आणि बाजूला जे वाजेल ते जमेल तसं. म्हणजे बघा, ज्या प्रकारात साथ ही गाण्याचा अर्धा जीव आहे, त्याच्या पहिल्यावहिल्या मुद्रणांमध्ये ती साथच पुसट झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, जात्यापाशी आल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

याच फ्रान्समध्ये दुसरीही एक गोष्ट घडत होती. १९११ साली फेर्दिनां ब्रुनो या भाषेच्या प्राध्यापकानं सॉर्बोन विद्यापीठात 'वाणीचं संग्रहालय' उघडलं. कवींना बोलावून त्यांचे आवाज घेतले. त्यात गियोम अपोलिनेरही आहे. पण ब्रुनो तिथंच थांबला नाही. १९१२ आणि १९१३ मध्ये यंत्र घेऊन तो खेड्यांत गेला, शेतकऱ्यांची बोली आणि त्यांची गाणी मुद्रित करून आणली. भाषेच्या प्राध्यापकानं धुळीत उतरायचं ही कल्पना तेव्हा नवी होती. आमच्या विद्यापीठांत ती आजही बरीच नवी आहे, पण ते असो.

तिसरा धागा थेट हिंदुस्थानचा आहे. मोरिस दलाज हा राव्हेलचा शिष्य १९१२ च्या सुमारास इथं येऊन गेला. परत जाताना त्यानं ग्रामोफोनच्या तबकड्या नेल्या. फ्रेड गायस्बर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जानचा आवाज घेऊन गेला होता, तेव्हापासून हिंदी संगीताच्या तबकड्या बाजारात होत्या. दलाजनं इमदादखाँचं वादन तबकडीवर पुन्हा पुन्हा ऐकलं आणि त्यावरून 'चार हिंदू कविता' नावाची गाणी रचली: मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. जानेवारी १९१४ मध्ये ती पॅरिसला गायली गेली. मौज अशी की 'लाहोर' या गाण्याची कविता हाइने या जर्मन कवीची आहे. मद्रास आणि जयपूर मात्र भर्तृहरीच्या श्लोकांवर आहेत, म्हणजे अगदीच सगळं अधांतरी नव्हतं. पण त्यानं केलं काय? दुसऱ्याच्या गळ्यातला आणि हातातला स्वर तबकडीवरून उचलला, आपल्या वाद्यांत बसवला आणि खाली आपलं नाव लिहिलं. इमदादखाँचं नाव त्या गाण्यावर नाही. यात दलाजचा वैयक्तिक दोष आम्ही काढत नाही. तो काळच तसा होता, आणि गाणी सुंदर आहेत. पण लोकांच्या गाण्याचं काय करायचं याची एक रीत तिथं दिसते. उचला, सजवा, मंचावर न्या.

आता मावळ.

मावळ म्हटलं की लोकांना लोणावळ्याची चिक्की, कार्ल्याची लेणी, लोहगड-विसापूर आठवतात. पावसाळ्यात तर काय, भुशी धरणावर पाय ठेवायला जागा नसते. पण मावळ म्हणजे मुळात खोरी. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. आंद्रा, इंद्रायणी, पवना यांच्या काठची गावं. जुन्या बारा मावळांच्या हिशेबात मुळशीही मावळच. सह्याद्रीच्या पाठीला टेकलेला, धो धो पावसाचा, भाताचा मुलूख. बाकी देशावर जात्यातून ज्वारी-बाजरी पडायची, इथं नाचणी आणि तांदूळ. तांदळाची भाकरी खाणारी माणसं ही.

या मुलखाची एक विसंगती नोंदवल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती इथल्या पाण्यातून. टाटांच्या कंपनीनं लोणावळा, वळवण, शिरवता इथं पाणी अडवलं आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण झालं, त्याच्या पाण्यावर १९२२ पासून भिवपुरीचं वीजघर चाललं. मुळशीत तर १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. पाणी घाटाखाली गेलं, वीज मुंबईला गेली, आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या घरांतल्या बाया पुढची कित्येक वर्षं पहाटे उठून हातानं दळत राहिल्या. विजेची पिठाची गिरणी खेड्यात आली ती फार उशिरा. आणि ती आली तेव्हा ओवी थांबली. तेव्हा ओवीचं आयुष्य विजेच्या गैरहजेरीत गेलं असं म्हणायला हरकत नाही. ते कष्टाचं आयुष्य होतं, त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पहाटे तीनला उठून पाच-सहा माणसांचं दळण दळलेल्या कुठल्याही बाईला विचारा, गिरणी आल्याचं दुःख झालं का म्हणून. ती तुम्हाला वेड्यात काढेल.

या डोंगरात एक फ्रेंच माणूस आला. गी पॉइटवाँ त्यांचं नाव. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकलेले. १९७० च्या दशकात ते पुण्यात स्थायिक झाले, पुढं भारताचं नागरिकत्व घेतलं. मराठी इतकी आत्मसात केली की दया पवारांचं 'बलुतं' आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' त्यांनी फ्रेंचमध्ये नेलं. त्यांच्या सहकारी हेमा राईरकर. दोघांनी मिळून पुण्यात सामाजिक शास्त्रांतल्या सहकारी संशोधनाचं केंद्र काढलं, आणि डोंगरातल्या गरिबांमध्ये 'गरीब डोंगरी संघटना' उभी राहिली. मुळशी-मावळ-वेल्हे या पट्ट्यात हे काम चाललं. रेशन, रस्ता, पाणी, जमीन, असे त्यांचे विषय.

आता संघटनेच्या बैठकीत गाणी कशी आली? तर बाया सभेत बोलत नसत. पुरुष बोलायचे, बाया पदर सावरून मागं बसायच्या. पण त्याच बायांपाशी सांगण्यासारखं होतं आणि ते सांगायची एक घडीव भाषाही होती. ती भाषा सभेची नव्हती, जात्याची होती. म्हणून ओव्या गोळा करायचं काम सुरू झालं आणि ते गावातल्या बायांनीच केलं. नांदगावच्या कुसुम सोनवणे, कोळवड्याच्या ताराबाई उभे या मुळशीतल्या कार्यकर्त्या स्वतः गाणाऱ्या आणि स्वतःच गोळा करणाऱ्या. हा फरक लहान नाही. ब्रुनो खेड्यात गेला तो पाहुणा म्हणून. इथं खेड्यानंच वही हातात घेतली.

वीसेक वर्षांत हा संग्रह एक लाख दहा हजार ओव्यांच्या पुढं गेला. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या. मुळशी-मावळात सुरू झालेलं काम मराठवाड्यापर्यंत पोचलं. मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसरे एक फ्रेंच गृहस्थ आले, बर्नार्ड बेल. मूळचे अभियंते, संगीत आणि संगणक या दोहोंतले जाणकार. त्यांनी या ओव्यांची संगणकावर नोंदवही बांधली आणि ध्वनिमुद्रण केलं, सुमारे १२० तासांचं.

आम्ही जरा हिशेब मांडून पाहिला. १२० तास म्हणजे ७,२०० मिनिटं. एक ओवी गायला अर्धं मिनिट धरलं, हे फारच काटकसरीचं झालं, तरी १४,४०० ओव्यांच्या वर आकडा जात नाही. प्रत्यक्षात पुष्कळ कमी, कारण ओवी कागदावर दोन ओळींची असली तरी गाताना दोन ओळींची राहत नाही. एक बाई ओळ उचलते, समोरची तीच ओळ घेते, अर्धी ओळ पुन्हा येते, मध्ये 'बाई' येतं, 'सये' येतं, भावाचं किंवा लेकाचं नाव येतं. दोन ओळींच्या आठ होतात. म्हणजे बहुसंख्य ओव्या आपल्यापाशी अक्षरांत आहेत, आवाजात नाहीत.

यानं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. साहित्य तर वाचलं! इथं आम्हाला आमच्या विषयाची थोडी मदत घ्यावी लागेल, कंटाळू नका.

१९४८ मध्ये कमलाबाई देशपांडे यांचं स्त्रीगीतांवरचं पुस्तक आलं, 'अपौरुषेय वाङ्मय'. नाव फार बहारीचं आहे. पुरुषांनी न केलेलं ते अपौरुषेय, हा एक अर्थ. पण 'अपौरुषेय' हा शब्द मीमांसकांचा. वेदांना कर्ता नाही, ते कुणी रचले नाहीत, असं मीमांसक म्हणतात. पुरावा काय? तर कर्त्याचं स्मरण नाही. इतक्या पिढ्या वेद म्हणत आल्या, कर्ता असता तर कुणाला तरी आठवला असता. आणि उच्चार करणारा फक्त तो शब्द प्रकट करतो, निर्माण करत नाही. शब्द नित्य आहे. नैयायिक याच्या उलट. शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो, घटासारखा.

आता हा वाद जात्यावर आणून बसवा. ओव्यांचे जुने संग्रह पाहिले, साने गुरुजींचं 'स्त्री जीवन' घ्या, अतिशय प्रेमानं केलेलं काम, पण ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, ती बाई कोण, हे त्यात सापडत नाही. ओवी समाजाची, लोकमाउलीची, परंपरेची. म्हणजे मीमांसकांचाच न्याय: कर्त्याचं स्मरण नाही, सबब कर्ता नाही. पण वेदांच्या बाबतीत निदान आठवायचा प्रयत्न झाला असं धरू. इथं नाव कुणी विचारलंच नव्हतं! न विचारलेलं नाव विस्मरणात गेलं असं म्हणणं हा तर्काचा गैरवापर आहे.

राईरकर-पॉइटवाँ यांच्या संग्रहात प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आमच्या मते त्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. एक लाखाचा आकडा त्याच्यापुढं दुय्यम. देब्युसीच्या तबकडीबरोबर कवी, संगीतकार, गायिका, वादक, सगळ्यांची नावं आपोआप येतात, त्यासाठी कुणाला झगडावं लागत नाही. कोळवड्याच्या बाईला तेवढंच मिळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

मात्र इथं घाईनं उलट्या टोकालाही जायला नको. गाणारी ही व्हेर्लेन किंवा देब्युसी या अर्थानं कर्ती नाही. तीच ओवी पवन मावळात सापडते, थोडी वेगळी होऊन परभणीत सापडते. सीतेचा वनवास, पंढरीची वाट, जनाबाईबरोबर दळणारा विठ्ठल, सासरी गेलेली लेक, माहेरचा भाऊ, आणि पुढच्या काळात बाबासाहेब आंबेडकर, हे सगळं सामायिक धन. पण दळणारी बाई त्यातून आज कुठली ओवी उचलते, कुणाचं नाव त्यात घालते, कुठं थांबते, हे तिचं. नवऱ्यानं रात्री हात उगारला असेल तर पहाटे सीतेची ओवी येते आणि ऐकणारीला कळतं की ही सीता कोण. हा अर्थ शब्दांत नाही, निवडीत आहे. आणि निवड ऐकू येते ती क्रमातून, आवाजातून. म्हणून छापील ओवी वाचून पुरत नाही. नैयायिकांची बाजू इथं आम्हाला जास्त पटते: शब्द उत्पन्न झाला, नष्ट झाला, आणि यंत्र चालू नसेल तर गेला.

याच कारणानं संग्रहाच्या रचनेबद्दल आमची एक तक्रार आहे. नोंदवहीत ओव्या विषयवार लावल्या आहेत. सीतेच्या सीतेकडं, भावाच्या भावाकडं. अभ्यासकाला सोयीचं आहे, एवढ्या ढिगाऱ्यात दुसरं करणार तरी काय. पण बाई तशी गात नव्हती. ती सीतेवरून भावावर, भावावरून पावसावर, तिथून सासूवर जायची, आणि ते जाणं हाच तिचा विचार होता. सुटे मणी नीट वर्गवारीनं डब्यांत ठेवले, पण माळ कशी ओवली होती ते आता मुद्रणांतूनच शोधावं लागतं.

आता साथीकडं येऊ. जातं हे वाद्य नाही, अवजार आहे. खालची तळी घट्ट बसवलेली, वरची पाळ मधल्या खिळीवर फिरते, लाकडी खुंटा हातात. एक हात फिरवायला, दुसऱ्या हातानं तोंडात मूठमूठ धान्य सोडायचं. त्याला वैरण घालणं म्हणतात. वैरण पडली की आवाज भरदार होतो, धान्य संपत आलं की दगडाला दगड लागून खर्जातली घरघर उठते. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडं येतं, मग टाकी लावणारा येऊन पाळीला टाके घालायचा. टाकी लावलेल्या जात्याचा आवाज वेगळा, दोन महिने दळलेल्याचा वेगळा. नाचणीचा वेगळा, तांदळाचा वेगळा. ओवीची लय या फेऱ्यांवर बसते. श्वास कुठं घ्यायचा ते खुंट्याच्या ओढीवर ठरतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण भलत्या ठिकाणी वापरतो, पण ती अक्षरशः खरी आहे. खुंटा हातात नसेल तर पुष्कळ बायांना ओवी आठवतच नाही. ती हाताला पाठ असते, डोक्याला नसते.

यावरून मुद्रणातली अडचण ध्यानात येईल. १९०४ मध्ये पियानो हरवला होता. इथं उलट भीती. दगडाचा आवाज जवळ घेतला तर गळा बुडतो. जातं बाजूला ठेवून गा म्हटलं तर ओवी लंगडी होते. शिवाय वेळ. ओवी पहाटेची, अंधारातली, घरातले पुरुष झोपलेले असतानाची. बोलायची मुभा त्या अंधारातच असे. ध्वनिमुद्रण मात्र दिवसा, ओसरीवर, पोरंबाळं जमलेली, दारात पुरुष उभे. तीच ओवी तशीच येईल? आमचं उत्तर, येणार नाही, दुसरी काहीतरी येईल. पण दुसरी म्हणजे खोटी नव्हे. दिवाणखान्यात चौघांसाठी गायची मेलोदी कर्ण्यापुढं गायली गेली तेव्हाही ती दुसरीच झाली होती. फरक एवढाच की मेरी गार्डन दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवाणखान्यात गाऊ शकत होती. मावळातल्या बाईला परत जायला पहाट उरली नव्हती. घरात गिरणीचं पीठ येऊ लागलं होतं.

दलाजची रीत आपल्याकडंही झाली, हे सांगायला हवं. बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात ओव्या रचत गेल्या. लिहिता येत नव्हतं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये कविता छापल्या गेल्या. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांना चाली दिल्या. घराघरांत पोचल्या त्या तशा. आम्हीही त्याच चालींत त्या पाठ केल्या, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. बहिणाबाईंचं नाव त्यावर होतं, ही दलाजपेक्षा बरी गोष्ट. पण जात्याच्या जागी वाद्यवृंद आला, आणि ऐकणाऱ्यांना असं वाटू लागलं की ओवी अशीच असते. फ्रान्समध्ये खेड्यातल्या गाण्यांना पियानो जोडून मंचावर नेणारे कितीतरी होऊन गेले. मावळात आलेल्या दोन फ्रेंचांनी ते केलं नाही. त्यांनी दगड तसाच राहू दिला. आमच्या दृष्टीनं हा संगीताबद्दलचा निर्णय आहे, केवळ संशोधनाची शिस्त नव्हे.

पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, नंतर काही वर्षांनी राईरकरही. ते काम गावातून आलेले जितेंद्र मैड यांच्यासारखे सहकारी जपत राहिले. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं या ओव्या आवाजासह जालावर आणल्या. तुम्ही हे भाषण जिथं ऐकता किंवा वाचता, तिथूनच त्या दोन मिनिटांत सापडतील. त्यांची माणसं जुन्या गाणाऱ्यांना शोधत पुन्हा गावोगाव गेली. कुणी भेटलं, कुणी नव्हतं.

आणि जातं? मावळातल्या घरांत ते आहे अजून. परड्यात पालथी पडलेली पाळ असते, तळीवर कुठं तुळस ठेवलेली असते. पण लग्न निघालं की ते धुऊन पुसून आत येतं, खुंट्याला आंब्याचा टाळा बांधतात, सवाष्णी बसतात आणि हळद दळतात. तेव्हा म्हाताऱ्या बाया ओव्या म्हणतात, आजही. समोर छायाचित्रण करणारा मुलगा असतो, त्याचा कॅमेरा चांगला असतो, आवाजही स्वच्छ येतो. पण चार महिन्यांनी लग्नाची फीत घरी येते तेव्हा हळदीच्या प्रसंगावर सिनेमातलं गाणं चढवलेलं असतं, आणि बायांचे फक्त ओठ हलताना दिसतात.